चढणारीने मागचीला हात द्यावा

(नळदुर्ग येथे शेतकरी व कारागीर स्त्रीपुरुषांच्या सभेत केलेले भाषण)



स्त्रियांच्या उन्नतीवर भाषणे पुष्कळ होतात. हार पडतात, टाळ्या पडतात, एखाद्या बाईला साडी-नारळ मिळतो आणि सभा उठते. ऐकायला आलेली बाई घरी जाते तो चूल तीच, घागर तीच, आणि दुसऱ्या दिवशीची खुरपणीही तीच. म्हणून गोड बोलून आपली रजा घ्यावी अशा बेताने आम्ही येथे आलेलो नाही. आम्हांला एकच गोष्ट विचारायची आहे आणि तिचे उत्तर आपल्याकडूनच हवे आहे. बाईच्या कल्याणासाठी म्हणून जी संस्था, जो गट, जे मंडळ निघते, ते खरे कोणते आणि खोटे कोणते हे ओळखावे कसे?

आमच्या मते याची पारख सोपी आहे. सोन्याला कसोटीचा दगड लागतो, तसा येथेही एक दगड आहे. त्या संस्थेतून जी बाई वर चढली, तिने आपल्या मागच्या बाईला हात दिला की नाही? आणि संस्था उद्या उठून गेली तर बाईच्या हातात काही उरते की नाही? या दोन प्रश्नांना होय असे उत्तर मिळाले तर ती संस्था खरी. नाहीतर तो दयेचा बाजार समजावा. दया ही उन्हाळ्यातल्या वळवासारखी असते. पडली तर पडली, आणि तिच्या भरवशावर कोणी पेरणी करीत नाही.

आता थोडे दूरचे सांगतो, पण ते आपल्याच घरचे आहे असे आपल्याला दिसून येईल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ नावाचे पुस्तक लिहिले. ते त्यांनी अर्पण कोणाला केले? कोणा राजाला नाही, सावकाराला नाही. अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी कृष्णवर्णी माणसांना गुलामीतून सोडविण्यासाठी झीज सोसली, त्यांना केले. पुण्यात राहणाऱ्या माळ्याच्या मुलाला सातासमुद्रांपलीकडच्या काळ्या माणसाचे दुःख आपले वाटले, कारण जू कोणत्याही लाकडाचे असले तरी मानेवरचा घट्टा सारखाच पडतो.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण बेडी तुटली म्हणजे पोट भरते असे नाही. गुलामीतून सुटलेल्या बाईला जमीन नव्हती, अक्षर नव्हते, आणि तिच्या मुलीसाठी शाळेचे दार उघडे नव्हते. अशा घरात १८७५ साली मेरी मॅक्लाऊड बेथून नावाची मुलगी जन्मली. सतरा भावंडांतली ती पंधरावी. आईबाप पूर्वी गुलाम होते आणि घरचे सारेजण कापसाच्या शेतात राबत. ही मुलगी शिकली आणि १९०४ साली फ्लोरिडा प्रांतातल्या डेटोना गावी तिने कृष्णवर्णी मुलींसाठी शाळा काढली. तेव्हा तिच्या गाठीला किती पैसा होता म्हणता? दीड डॉलर! आणि विद्यार्थिनी किती? पाच! बसायला खोकी होती, जळक्या लाकडाच्या कोळशाची लेखणी होती, आणि फळांचा रस काढून केलेली शाई होती. बाईने रताळी घालून गोड पदार्थ भाजावेत, मजुरांना विकावेत, आणि त्या पैशांवर शाळा चालवावी. गावाने कचरा टाकण्यासाठी वापरलेली जागा तिने विकत घेतली आणि तीवर शाळा उभी केली. आजारी काळ्या माणसाला दवाखान्यात घेत नाहीत असे दिसले, तेव्हा १९११ साली शाळेला लागून दवाखाना काढला. तीच पाच मुलींची शाळा पुढे वाढत जाऊन आज विद्यापीठ झाली आहे.

याच कृष्णवर्णी स्त्रियांनी १८९६ साली गावोगावच्या आपल्या मंडळांची एक राष्ट्रीय संघटना बांधली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मेरी चर्च टेरेल, आणि पुढे १९२४ ते १९२८ या काळात त्याच बेथूनबाई अध्यक्षा झाल्या. त्या संघटनेचे ब्रीद असे होते की, आपण चढत असता मागच्यांनाही वर उचलीत जावे. चार बाया शिकल्या, त्यांनी रेशमी झगे घातले आणि खालच्या गल्लीतल्या धुणे धुणाऱ्या बाईकडे पाठ फिरविली, तर तो उद्धार नव्हे, हे त्यांनी पहिल्या दिवशी ठरवून टाकले. मायबहिणींनो, आमच्या आजच्या भाषणाचे नाव आम्ही तेथूनच घेतले आहे.

आपल्याकडे तरी काय निराळे झाले? १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकल्या आणि शिकवायला उभ्या राहिल्या. फातिमाबी शेख त्यांच्या सोबतीला होत्या. शेणाचा मार खाल्ला, पण शाळा मोडली नाही. त्या शाळांत शिकणारी मांग समाजाची मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. पाहा, तीन वर्षांच्या शाळेतून मुलगी काय घेऊन बाहेर पडली? आपली एकटीची सुटका नव्हे, तर आपल्या साऱ्या लोकांची फिर्याद! यालाच आम्ही मागचीला हात देणे म्हणतो.

आता नळदुर्गाकडे येऊ. अमेरिका राहिली दूर आणि पुणेही दूर. येथे आपल्या डोळ्यांपुढे काय घडले?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येथल्या कोणाही चाळिशीपुढच्या माणसाला विसरता येणार नाही. आदल्या दिवशी गणपती बोळविले होते. लोक दमून झोपले होते. चार वाजायच्या सुमारास धरणी हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे झोपेतच गेली. ती भूकंपाने मेली असे म्हणतात. पण खरे पाहता ती आपल्याच घरांखाली मेली. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर त्या पहाटे थडगे झाले.

पोरकी झालेली लेकरे किती! त्यांच्यासाठी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने आणि राष्ट्र सेवा दलाच्या माणसांच्या श्रमाने याच नळदुर्गात ‘आपलं घर’ उभे राहिले. नावातच सारे आले. ‘अनाथालय’ अशी पाटी लावली असती तर लेकराने ती जन्मभर कपाळावर वागविली असती. ‘आपलं घर’ म्हटल्यावर ते लेकरू कोणाच्या दारचे राहिले नाही. येथून सात-आठ मैलांच्या आत अणदूर आहे. तेथे हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या डॉक्टर मंडळींनी खेड्यातल्या साध्या, थोडे शिकलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ तयार केल्या. ताप, जुलाब, बाळंतिणीची देखभाल, लेकराचे वजन ही कामे ज्या बाईला गाव कालपर्यंत ‘तिला काय कळते’ म्हणत होते, ती करू लागली. डॉक्टराने औषध दिले तर रोग बरा होतो. डॉक्टराने आपली विद्याच गावातल्या बाईच्या ओटीत घातली, तर गाव शहाणे होते. हा फरक लक्षात ठेवावा.

आणि तिसरी गोष्ट घरांची. जी गावे साफ पडली त्यांचे पुनर्वसन सरकारने केले. पण हजारावर गावे अशी होती की जेथे घरे पडली नाहीत, चिरली. त्यांची डागडुजी आणि मजबुती घरमालकाने स्वतः करावी व सरकारने पैसा द्यावा अशी योजना निघाली. आता हा पैसा कसा मिळायचा, घर कसे बांधायचे, इंजिनिअरला काय विचारायचे हे गावाला सांगणार कोण? स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम गावच्या बायांवर सोपविले. प्रेमा गोपालन या त्या संस्थेच्या संस्थापिका. २०२२ साली त्या निवर्तल्या. या बायांना ‘संवाद सहायक’ असे नाव मिळाले. कोणी चौथी शिकलेली, कोणी सातवी. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब दगड कोठे घालायचा, कोपरा पक्का कसा करायचा, भिंतीवरून पट्टा कसा फिरवायचा, माळवदावरची माती का कमी करायची हे त्या शिकल्या. मग चावडीवर उभ्या राहून त्यांनी ते बाप्यांना सांगितले.

मनात आणून पाहा. जी सून सासऱ्यासमोर पदर सावरीत उभी राहायची, तीच त्याच सासऱ्याला सांगते की मामंजी, हा कोपरा असा बांधला तर घर पुन्हा पडेल. प्रथम लोक हसले असतील. पण घर हा विषय असा आहे की त्यात हसून भागत नाही. डोक्यावर माळवद असले म्हणजे माणूस खरे ते ऐकून घेतो. आणि पुढे २००१ साली गुजरातेत कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवच्या याच बाया तिकडे गेल्या. भाषा निराळी, वेष निराळा, पण पडक्या घरापुढे बसलेली बाई ओळखायला भाषा लागत नाही. आपण सोसले ते सांगितले, आपण शिकलो ते शिकविले. २००४ साली समुद्राने तामिळनाडूचा किनारा धुऊन नेला, तेव्हाही हाच शिरस्ता चालला. येथल्या माळरानावरच्या बायांनी तिकडच्या कोळणींना धीर दिला. अमेरिकेतल्या त्या भगिनींचे ब्रीद आमच्या या बायांनी कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी ते जगून दाखविले.

यानंतर आले दुष्काळ. आपल्या भागाला पाऊस आधीच मोजून मिळतो. २०१२ पासून पुढच्या काही वर्षांत तर त्याने वारंवार पाठ फिरविली. ऊस वाळला, सोयाबीन करपले, कर्ज मात्र हिरवेगार राहिले. ज्या घरात सारे रान नगदी पिकाखाली होते त्या घरात शेतकरी असून ज्वारी, तूरडाळ, भाजी विकत आणायची पाळी आली. मग बायांच्या गटांतून एक विचार पुढे आला. घरच्या रानातला एक एकर, तो नसेल तर अर्धा, बाईच्या हवाली करावा. त्यात काय पेरायचे ते तिने ठरवावे. तिने त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद घेतला. बांधावर शेवगा लावला. पाटाच्या कडेने मेथी, वांगी, भोपळा लावला. शेण, गोमूत्र आणि पालापाचोळा यांचे खत घातले. पाणी थेंबाथेंबाने दिले. पहिला वाटा घरच्या ताटात, उरले ते बाजारात. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते, आणि रोज नाही तरी आठवड्याला दोन पैसे दिसतात. या कामाची दखल जगाने घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे २०१७ सालचे ‘इक्वेटर’ पारितोषिक स्वयम् शिक्षण प्रयोगाला मिळाले.

पारितोषिकाची गोष्ट असू द्या. आम्ही या एका एकराला इतके महत्त्व का देतो ते ऐका. शेतात बाई राबते हे नवीन नाही. पेरणीत ती, खुरपणीत ती, काढणीत ती, खळ्यावर ती. आमच्या शेतीतली निम्म्याहून जास्त मेहनत तिची आहे हे कोणाही शेतकऱ्याने छातीवर हात ठेवून सांगावे. पण ‘काय पेरायचे’ हा शब्द तिचा नव्हता. या एका एकरात तो शब्द तिचा झाला. कष्ट तेच, पण काल ती त्या रानातली मजूर होती आणि आज शेतकरी झाली.

मात्र येथे आम्ही थांबणार नाही, कारण येथेच खरी मेख आहे. एक एकर बाईच्या हवाली केला तो तोंडी. उद्या नवऱ्याची मर्जी फिरली तर? तो वारला आणि दीर उभा राहिला तर? तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, कागद पेटीत राहतो. म्हणून आम्ही विचारतो, बाबांनो, सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

आता कोणी म्हणेल, एका रानाचे दोन धनी कसे होतील? भांडणे होतील. आम्ही त्यांना खंडोबाकडे घेऊन जातो. आपला खंडोबा राहतो कोठे? सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. दोन गावांनी लेखी करार केला आहे आणि देव त्या कराराने नांदतो आहे. मूर्ती एक, गावे दोन, भांडण नाही. साक्षात देवाचा कबजा दोन गावांच्या नावे राहू शकतो, तर चार एकरांचा सातबारा नवराबायकोच्या नावे राहायला काय हरकत आहे? आणि कराराची नक्कल जशी दोन्ही गावांजवळ असते, तशी उताऱ्याची नक्कल बाईच्याही पेटीत असावी.

कायदा या कामी आड येत नाही, उलट पाठीशी उभा आहे. शेतकरी संघटनेने गावोगाव ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ केली. १९९२ साली सरकारने पत्रक काढले आणि नवऱ्याने राजीखुषीने अर्ज केल्यास बायकोचे नाव जमिनीला लावण्याची वाट मोकळी झाली. तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, आभाळातून काही आणावे लागत नाही. घराचा उताराही दोघांच्या नावे होऊ शकतो. लेकीचे म्हणाल तर २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क जन्माने मिळाला. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी हा हक्क बुडत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. आणि १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या लेकराच्या नावापुढे, बापाच्या नावाआधी, आईचे नाव सरकारी कागदावर लागू लागले.

पण कायदा पुस्तकात निजतो, त्याला माणसाने जागे करावे लागते. आमच्या गावांत काय चालते? बाप वारला की भाऊ बहिणीला माहेरी बोलावतो, पुरणपोळीचे जेवण घालतो, साडीचोळी नेसवतो आणि मग गाडीत बसवून कचेरीत नेतो. ‘हक्कसोडावर अंगठा कर बाई, नाहीतर माहेर तुटेल.’ दोन-तीन एकरांची किंमत एक साडी! बहिणीने सही केली तर ती गुणाची आणि न केली तर ती वैरीण. बंधूंनो, ज्या माहेरचा दरवाजा सहीवर उघडतो, ते माहेर आहे की सावकाराची पेढी? आम्ही असे म्हणत नाही की प्रत्येक बहिणीने भावाला कोर्टात खेचावे. जिरायत दीड एकरात काय वाटायचे आणि काय ठेवायचे हे बहीणभावांनी समोरासमोर बसून ठरवावे. पण तिने सोडायचे ते समजून सोडावे, भिऊन नव्हे.

आता जिला कोणीच नाही तिच्याविषयी. नवरा मेलेली, नवऱ्याने टाकलेली, लग्नच न झालेली, अशा बाईला आमचे लोक काय काय म्हणतात ते या सभेत उच्चारण्याजोगे नाही. कर्जापायी ज्यांनी फास घेतला त्या शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या किती बाया या जिल्ह्यात आहेत हे आपण जाणता. नवरा गेला तो सुटला. कर्ज, लेकरे आणि लोकांच्या नजरा या तिन्ही गोष्टी बाईच्या पदरात राहिल्या. मराठवाड्यात या बायांनी ‘एकल महिला संघटना’ बांधली. शब्दच किती मोलाचा आहे पाहा. ‘विधवा’ म्हटले म्हणजे नवऱ्याच्या नसण्याने बाई ओळखली जाते. ‘एकल’ म्हटले म्हणजे एकटी उभी असलेली बाई, असा सरळ अर्थ होतो. या बाया एकमेकींच्या शिधापत्रिका वेगळ्या काढून घेतात, निराधारांच्या अर्जासाठी तहसिलीत सोबत जातात, हळदीकुंकवाला ज्यांना बोलावीत नसत त्यांना मानाने बोलावतात. एकटीला कारकून ‘उद्या या’ म्हणतो. दहाजणी उभ्या राहिल्या की त्याला आजची तारीख आठवते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. या ठरावाला दमडी लागली नाही. आम्ही नळदुर्गकरांना आणि भोवतालच्या गावांना विचारतो, आपल्या सभेत असा ठराव झाला का? झाला असेल तर तो पाळला जातो का? झाला नसेल तर आडवे कोण आले?

आता लेकींची गोष्ट. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायांपैकी सुमारे बावीसजणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. मराठवाड्यातल्या कित्येक जिल्ह्यांत हे प्रमाण याहून वाईट आहे. २००६ चा कायदा आहे, मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस. तरीही हे का होते? शहरातले शहाणे म्हणतात, खेडूत अडाणी आहेत. आम्ही तसे म्हणणार नाही. बाप अडाणी नाही, तो अडलेला आहे. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. सहा महिने कारखान्याच्या रानात पालाखाली राहायचे. चौदा-पंधरा वर्षांची पोर कोणाच्या भरवशावर घरी ठेवायची? बरोबर न्यावी तर शाळा बुडते, पाठीमागे ठेवावी तर जीव थाऱ्यावर राहत नाही. मग तिचेही लग्न लावले की एक काळजी मिटली आणि नवा एक कोयताही तयार झाला. मुकादमाची उचल वाढली!

परंतु बापहो, ही काळजी मिटत नाही, ती फक्त लेकीच्या अंगावर जाते. सोळाव्या वर्षी बाळंतपण, अंगात रक्त नाही, लेकरू किडकिडीत, आणि विसाव्या वर्षी पोर म्हातारी दिसते. यावर उपाय नुसत्या पोलिसाने होत नाही. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा फोन आहे, तो सर्वांना ठाऊक असावा. पण त्या फोनआधी शेजारीण असते. गल्लीतल्या पाच-सहा बायांनी मिळून सांगावे, ‘जा तुम्ही तोडीला. तुमची पोर आमच्या पोरींसंगे जेवेल, झोपेल, शाळेला जाईल.’ एवढ्या एका शब्दाने जितकी लग्ने टळतील तितकी शंभर भाषणांनी टळणार नाहीत. गावाहून शाळेला यायला मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने फुकट आहे. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तेथल्या मुलींना पुढच्या धंदेशिक्षणाची फी २०२४ पासून राज्याने माफ केली आहे. दार उघडे आहे. उंबऱ्यापर्यंत पोर जिवंत मनाने पोचली पाहिजे.

शेवटी एक इशारा दिल्यावाचून आम्हांला राहवत नाही. बचत गट गावोगाव झाले, चांगले झाले. पण कर्ज बाईच्या नावे आणि मोटारसायकल बाप्याच्या नावे, हप्त्याच्या दिवशी वसुलीवाला मात्र बाईच्या दारात, अशी तऱ्हा आम्ही पाहतो. एका गटाचे कर्ज फेडायला दुसऱ्याचे, दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्याचे. ही उन्नती नव्हे, ही जुन्याच सावकारीने नेसलेली नवी साडी आहे. तसेच संस्था बाहेरून पैसा आणतात, काम करतात, आणि पैसा संपला की पाटी उतरते. त्यात त्यांचा दोष किती हा हिशेब आम्ही मांडीत नाही. आपण मात्र एवढे पाहावे की पाटी उतरली तरी गट उतरता कामा नये. ज्या गटाचा हिशेब बायांना स्वतः वाचता येतो, ज्याची वही दर बैठकीला मोठ्याने वाचली जाते, ज्यात मातंग, महार, मुसलमान, पारधी, वडार, धनगर, मराठा, लिंगायत अशा साऱ्या वस्त्यांच्या बाया एका सतरंजीवर बसतात, तो गट कोणाच्या अनुदानावाचूनही टिकतो. बेथूनबाईंच्या शाळेला पहिले भांडवल भाजलेल्या रताळ्यांचे होते, हे विसरू नये.

तेव्हा आम्ही आपल्यापुढे चार कामे ठेवतो. ही येथून उठून उद्याच करता येतील अशी आहेत.

पहिले, ज्याच्या घरी जमीन आहे त्याने एक एकर, तो नसेल तर दहा गुंठे, घरधनिणीच्या विचाराने पेरावे, आणि तिचे नाव सातबाऱ्याला लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा. ज्याच्याजवळ जमीन नाही त्या सुताराने, कुंभाराने, चांभाराने, मजुराने आपल्या घराच्या उताऱ्यावर तिचे नाव लावावे.

दुसरे, बहिणीची सही घेण्याआधी कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तिच्या बाजूचे एक शहाणे माणूस तेथे असावे.

तिसरे, आपल्या वॉर्डात, आपल्या गावात, विधवेच्या अपमानाच्या चाली बंद केल्याचा ठराव करावा, आणि पहिल्या हळदीकुंकवाला एकल बाईला पहिला मान द्यावा.

चौथे, जिच्या घरची माणसे तोडीला जातात अशा प्रत्येक मुलीची जबाबदारी गल्लीतल्या बायांच्या गटाने नावनिशीवार वाटून घ्यावी. मुलीचे नाव आणि बाईचे नाव वहीत लिहावे. वहीत नाव आले म्हणजे विसर पडत नाही.

आणि ज्या बहिणी शिकल्या, नोकरीला लागल्या, सरपंच झाल्या, नगरसेविका झाल्या, त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. आपल्या बोरी नदीला पूर आला म्हणजे किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन्ही धबधबे एका वेळी कोसळतात, तेव्हा लोक लांबून पाहायला येतात. एकच वाहिला तर पाणी कमी आहे असे म्हणतात. गावाचेही तसेच आहे. तुम्ही एकट्या वर गेलात तर लोक म्हणतील, बाई नशिबाची. तुम्ही दहाजणींना घेऊन वर गेलात तर लोक म्हणतील, गाव शहाणे.

आमचे बोलणे कोणाला कडू लागले असेल. कडुलिंब पाडव्याला आपण गुळासंगे खातोच, तसे हे घ्यावे. उद्या सकाळी तलाठ्याच्या कचेरीत आपल्यापैकी पाचजण जरी नवराबायको जोडीने दिसले, तरी आजच्या सभेचे चीज झाले असे आम्ही समजू.